अठरावी कुपी

४ मार्च

भिंगरी,

मायना काय लिहावा इथंच माझं घोडं अडलं. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू हसली असतीस, आणि ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं असतं तर पत्र न वाचताच फाडलं असतंस. म्हणून नुसतं टोपणनाव. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस आणि जेवतानासुद्धा एका जागी बसत नव्हतीस. भिंगरी हे नाव मीच ठेवलं, तेवढा हक्क अजून शिल्लक आहे असं धरून चालते.

नऊ वर्षांनी वहिनीला आठवण कशी झाली, असं तुला वाटेल. आठवण झाली असं खोटं लिहीत नाही. परवा माझ्या टेबलावर एक फॉर्म आला. तू ज्या तेलशुद्धीकरण कारखान्यात प्रयोगशाळाप्रमुख म्हणून अर्ज केला आहेस त्यांच्याकडून. तुझा पत्ताही त्यावरूनच मिळाला. उमेदवारानं आधी जिथं काम केलं तिथल्या वरिष्ठांनी तो भरून द्यायचा असतो म्हणे, आणि तुझी वरिष्ठ मी होते. वीस तारखेच्या आत पोचला पाहिजे. नाही पोचला तर तुझा अर्ज बाजूला ठेवतील, असं खाली बारीक अक्षरात छापलं आहे.

सहा प्रश्न सोपे आहेत. वेळेवर यायची का, अक्षर वाचता येतं का, वगैरे. सातवा असा: ‘उमेदवाराच्या काळात घडलेल्या अपघातास उमेदवाराचा निष्काळजीपणा कारणीभूत होता काय?’ पुढं दोन चौकोन, हो आणि नाही. त्याखाली कारण लिहायला चार ओळी. अपघाताचं त्यांना कुठून कळलं म्हणून मी आधी चिडले. मग पाहिलं तर सोबत जोडलेल्या अर्जाच्या प्रतीत तूच लिहिलेलं, चौकशीचा निकालसुद्धा. न लिहितीस तर कुणी विचारलं नसतं. पण तू कसली लपवतेस.

तर मुद्दा असा, की काय लिहू ते तू सांग. अपघात हा अपघात असतो. दोघींचीही थोडीथोडी गडबड झाली असं मोघम लिहिलं तर चालेल का? ‘नाही’वर खूण केली तर आमच्या जुन्या चौकशीशी ते जुळत नाही, आणि त्यांनी ती मागवली तर मलाच विचारतील. तुला कळतंय ना अडचण? तू म्हणशील तसं करीन.

तुझा दादा बरा आहे. गुडघे कुरकुर करतात, तोही करतो. त्याला फॉर्मचं सांगितलेलं नाही, उगाच त्याच्या डोक्याला ताप. हे मी कचेरीत दार लावून लिहिते आहे आणि एवढ्यात तीनदा उठून नळ बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

उत्तर लवकर धाड.

वहिनी


८ मार्च

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला दोन दिवस, तुला राग यायला एक दिवस, तो जायला किती ते माहीत नाही. मी मात्र रोज टपालवाल्याच्या सायकलीकडे कान लावून बसते. काल त्यानं हसून विचारलं, “बाई, लॉटरी लागायची आहे का?” मी त्याच्या अंगावर खेकसले. संध्याकाळपर्यंत त्याचंच वाईट वाटत राहिलं.

आज एक गंमत झाली, ती सांगते. खरं तर गंमत नव्हे. पण सांगते.

आपण अजून तेच करतो. शुद्ध हायड्रोकार्बन बंद कुप्यांत भरून विकतो, लोक त्यांच्यावरून आपापली यंत्रं तपासतात. अठरा ऑक्टेनांचा डबाही अजून जातो. आठ कार्बन, अठरा हायड्रोजन, वजनाला सगळी सारखी, फक्त जोडणी वेगळी. तू त्यांना ‘अठरा भावंडं’ म्हणायचीस. तर सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन.

“मॅडम, अठरा मागवल्या होत्या. सतरा आल्या, आणि एकीत मेण भरून पाठवलंय तुम्ही.”

“ते मेण नाही. ऑक्टेनच आहे.”

“अहो, ऑक्टेन पातळ असतं! वीस वर्षं हेच करतोय मी.”

“मेण वाटत असेल तर गरम पाण्यात धरून बघा.”

“उकळत्या पाण्यात धरलं! ढिम्म हललं नाही. म्हणजे ते मेणसुद्धा नाही. काय भरलंय ते तरी सांगा.”

मला हसू आलं. त्याचं चुकत नव्हतं, ते शंभराच्या पुढं वितळतं, उकळत्या पाण्याला दाद देत नाही. मग मी त्याला सगळं समजावलं. माझा तो आवडता विषय, तुला माहीतच आहे. सरळ साखळीचं ऑक्टेन म्हणजे लांबच लांब काडी. काड्या एकमेकींना अंगभर चिकटून पडतात, म्हणून सुटायला जास्त उष्णता लागते, एकशे सव्वीसला उकळतात. शाखा फुटल्या की अंग आखडतं, एकमेकांना कमी टेकतं, आणि ती लवकर सुटतात.

“हे मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मग तुमचं हे सगळ्यांत जास्त शाखांचं, तेही लवकर सुटायला हवं.”

“सुटतंच. एकशे सहाला उकळतं. पण वितळण्याची गोष्ट निराळी. तिथं चिकटण्याइतकंच रास किती नीट लागते याला महत्त्व. एका बाजूला एकच शाखा आली की रास बिघडते, ते ऑक्टेन उणे शंभरालाही पातळच राहतं. आणि हे आपलं सगळीकडून सारखं, चेंडूसारखं. एकावर एक अगदी बेतशीर बसतं. जागच्या जागी गरगर फिरतं, पण जागा सोडत नाही. शंभर अंशांपर्यंत घट्ट, आणि मग पाच-सहा अंशांत थेट वाफ.”

तो म्हणाला, “म्हणजे पातळ असं ते जवळजवळ राहतच नाही. मग तुम्ही ते उकळून शुद्ध करता तेव्हा वाफ कंडेन्सरच्या गार नळीत गोठत असेल की हो! तुंबत नाही नळी?”

“तुंबते,” मी म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. गिऱ्हाइकाचा फोन असा आपटत नाहीत, मलाही कळतं.

हेच तू विचारलं होतंस. अगदी याच शब्दांत.

जेवायची वेळ झाली, डबा तसाच पडला आहे. उत्तर धाड. दोन ओळी पुरेत.

वहिनी


१० मार्च

भिंगरी,

मागच्या पत्रात शेवटी एक वाक्य निसटलं. ते खोडायचं म्हणून पाकीट पुन्हा उघडलं होतं, मग तसंच चिकटवून टाकलं. आता त्याच्या पुढचं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा जमणार नाही, म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

प्रत्येक नमुन्याचं एक कार्ड मी लिहायचे आणि ते मांडणीच्या वर खिळ्याला लटकवलेलं असायचं. किती तापवायचं, पाणी किती सोडायचं, काय कुठं गोळा करायचं. पहिलं कार्ड मी अभ्यास करून लिहिलं. पुढची सोळा त्यावरून उतरवली, नाव आणि उत्कलनांक तेवढा बदलून. अठरावंही तसंच उतरवलं. तक्त्यात उत्कलनांकाचा रकाना बघितला, एकशे सहा, इतरांसारखाच. लिहून टाकलं, ‘गार पाणी पूर्ण सोडणे’. द्रवणांकाचा रकाना अगदी शेजारी होता. सतरा वेळा तो बघायची गरज पडली नव्हती, म्हणून अठराव्या वेळीही बघितला नाही. शाळेतल्या पोरानं करावी तशी चूक, आणि ती मी केली.

तू सकाळी बाटली घेऊन माझ्याकडे आलीस. हलवून दाखवलीस, आत खडखड वाजलं.

“वहिनी, हा तर खडा आहे. गार पाण्यानं नळीत परत खडा होणार नाही? तुंबेल की.”

मला त्या महिन्यातच प्रमुख केलं होतं. डबा दुपारी जायचा होता. मी मान वर करूनही पाहिलं नाही. “भिंगरी, तुझे प्रश्न ऐकत बसले तर आज डबा भरत नाही. कार्डावर आहे तसं कर.”

“पण वहिनी...”

“कार्डावर आहे तसं.”

तू केलंस. माझ्या खोलीत बसून मला नळ सोडल्याचा आवाज ऐकू आला. वीसएक मिनिटांनी फ्लास्क फुटला. वाफेला पुढं जायला वाट नव्हती, सांधे तर आपण चिमट्यांनी गच्च आवळलेले. मी धावत आले तेव्हा टेबल पेटलं होतं आणि तू उजवा हात डाव्या हातात धरून उभी होतीस. मी वाळू ओतली. तू रडली नाहीस. मी रडले, आणि लोकांनी माझीच समजूत काढली.

दादाला फोन करून बोलावलं, तो तुला घेऊन दवाखान्यात गेला. दोन बोटांच्या शिरा तुटल्याचं त्यानं फोनवर सांगितलं. त्यानंतर मी प्रयोगशाळेत एकटी होते. खिळ्यावरचं कार्ड मी काढलं. नवं लिहिलं, त्याच पेननं. ‘पाणी बंद ठेवणे. रुंद नळी वापरणे, तिला बाहेरून ऊब देणे.’ ते कोरं करकरीत दिसत होतं, म्हणून कोपऱ्याला चहात बुडवलेलं बोट पुसलं. जुनं कार्ड बेसिनमध्ये भिजवून कुस्करलं. पाच मिनिटं लागली असतील. हात अजिबात कापत नव्हते.

पुढचं तू बघितलंसच. चौकशीला आलेल्या दोघांनी कार्ड वाचलं, मग तुला विचारलं. तू म्हणालीस, “कार्ड वेगळं होतं.” त्यातला एक हसला. “कार्ड आपोआप कसं बदलेल, मुली?” मी खाली मान घालून बसले होते. तू माझ्याकडे बघत होतीस हे मला न बघता कळत होतं. मला वाटलं, घरचीच पोर आहे, थोडी बोलणी खाईल, पुन्हा कामाला लागेल. तुझी नोकरी जाईल असं वाटलं नव्हतं. तू घर सोडून जाशील हे तर स्वप्नातही आलं नव्हतं. पण गेलीस तेव्हा मी तुला थांबवलं नाही, हेही लिहायला हवं.

मी तुझा हात अधू केला, तुझं नाव खराब केलं आणि तुला खोटं पाडलं. क्षमा कर, भिंगरी. मागायला तोंड नाही, तरी मागते. सातव्या प्रश्नाचं तू म्हणशील ते लिहीन.

आज अकरा तारीख. हे सगळं काल लिहून काढलं आणि कित्येक वर्षांनी मला गाढ झोप लागली. आज सकाळी त्या झोपेचाच राग आला.

वहिनी


१५ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. टपालवाल्यानं स्वतः आत आणून दिलं, लॉटरी म्हणाला नाही. तीन ओळी. इथं पुन्हा उतरवून काढते, म्हणजे माझ्या डोक्यात शिरतील: ‘हे तुम्ही मला का सांगता? मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.’

आधी मी ‘तुम्ही’वरच अडले. चौदाव्या वर्षापासून तू मला अगं-तुगं करायचीस, सासूबाई ओरडायच्या तरी. मग चिडले. मी एवढी पानं भरून जीव ओतला आणि ही बया मला तीन ओळींत उडवून लावते! दुपारभर कपाटं आवरली, दोन बाटल्या फोडल्या, हिशेबनिसाशी भांडले. संध्याकाळी घरी चालत येताना एकदम पाय थबकले. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला.

भिंगरी, अख्ख्या जगात हे ज्या एकाच माणसाला ठाऊक होतं त्यालाच मी सांगितलं. दार लावून, पाकिटात घालून. आणि वर तुलाच विचारत होते की काय लिहू, म्हणजे ‘मोघम लिही वहिनी’ असं तू म्हणालीस की मी मोकळी. तू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि पहिल्या पत्रातच मला ओळखलंस.

ज्यांना माहीत नाही ते तिघं. तो कारखाना, आमची व्यवस्थापन समिती, आणि तुझा दादा. पहिल्या दोघांना पत्रं लिहिता येतील. दादा पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसला आहे.

आजच चार वेळा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा म्हटलं, चहा घेणार का. दुसऱ्यांदाही तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं, “तुझं काही हरवलंय का?” चौथ्यांदा मी खिडकी लावून परत आले, बाहेर वारासुद्धा नव्हता. तो भला माणूस आहे. माझ्यावर त्याचा इतका विश्वास आहे, की नऊ वर्षांत त्यानं मला त्या दिवसाबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. प्रश्न विचारला असता तर मी तेव्हाच सांगितलं असतं, असं लिहिणार होते. पण ते खरं आहे का, मला माहीत नाही.

फॉर्म पिशवीत आहे. पाच दिवस उरले.

वहिनी


१८ मार्च

भिंगरी,

सांगितलं.

परवा सकाळी, तो बुटाच्या नाड्या बांधत असताना. आज नको, उद्या, असं मनात चाललं होतं आणि तोंडातून निघून गेलं, “कार्ड मी बदललं होतं.” त्याला आधी कळेचना. कसलं कार्ड? मग मी सगळं सांगितलं, चहाच्या बोटासकट. तो एका पायात बूट घालून तसाच बसून राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, “तिनं दवाखान्यात सांगितलं होतं मला. चौकशीनंतर, हाताची पट्टी बदलत होते तेव्हा.”

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

“मी तिला काय म्हणालो, माहीत आहे?”

“नाही.”

“म्हणालो, वहिनीवर आळ घेतेस? लाज नाही वाटत?” मग दुसरा बूट घालत म्हणाला, “पट्टी बांधणारी बाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागली होती.”

हे मला ठाऊक नव्हतं. तू घर सोडलंस ते माझ्यामुळे, असं मी इतकी वर्षं धरून होते. माझ्यामुळेच सोडलंस, पण शेवटचा धक्का त्याच्या तोंडून बसला होता, आणि तो शब्दही मीच त्याच्या तोंडी घातला होता. अपघाताच्या रात्रीच त्याला आयतं सांगून ठेवलं होतं मी, पोर घाबरली आहे, काहीबाही बोलेल, मनावर घेऊ नकोस. हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, लिहिलं नाही.

तो माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, जेवतो, दिवा मालवतो. काल त्याच्या पगारी सुट्ट्या मोजून तीन दिवसांची रजा टाकून आला आणि कपाटावरची बॅग काढली. मी विचारलं, “मी येऊ?” तो म्हणाला, “नको.” एवढंच.

माझ्या बाजूचं सांगते, म्हणजे तुला कुणाला विचारावं लागणार नाही. फॉर्म काल मी स्वतः नेऊन त्या कारखान्याच्या इथल्या कचेरीत दिला, पोच घेतली. ‘नाही’वर खूण आहे. चार ओळी पुरल्या नाहीत, म्हणून वेगळी दोन पानं जोडली. चुकीचं कार्ड कुणी लिहिलं, तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, कार्ड केव्हा बदललं, सगळं, माझं पूर्ण नाव आणि हुद्दा घालून. तिथल्या अधिकाऱ्यानं उभ्या उभ्या वाचलं. तो म्हणाला, “बाई, उमेदवारानं कार्डाविरुद्ध प्रश्न विचारला होता?” मी म्हटलं, “हो, आणि तिचं बरोबर होतं.” त्यानं त्या ओळीखाली रेघ मारली. नोकरी देतील की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. तीच दोन पानं आमच्या समितीलाही दिली. येत्या सोमवारपासून मी घरी बसणार, त्यांचा निर्णय होईपर्यंत. काय व्हायचं ते होईल. मला भीती वाटते आहे, ते लपवत नाही.

हे पत्र टपालानं येणार नाही, दादाच्या बॅगेत आहे; दारातच आधी ते तुझ्या हातात दे, असं त्याला सांगितलं आहे. गाडी सकाळी सातची आहे, म्हणजे दुपारपर्यंत तो तुझ्या दारात असेल. मी क्षमा मागितली होती ती विसर, तिचं उत्तर देऊ नकोस. एकच सांगायचं आहे. तो दारात उभा राहील आणि काही बोलणार नाही. तुला वाटेल, हा आताही वहिनीचीच वकिली करायला आला. तसं नाही. कालपासून तो न्हाणीघरात नळ सोडून आत काहीतरी पुटपुटतो आहे. मी दाराशी कान लावला. तो तुझं खरं नाव घेतो, तुझ्या आईनं ठेवलेलं, आणि त्याच्या पुढं त्याला जमत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

दार लावू नकोस. त्याला थोडा वेळ दे.

वहिनी